न आलेल्या आगबोटीसाठी एक खोली

गेल्या महिनाभरात आमच्या गंगथडीच्या, म्हणजे गोदावरीकाठच्या, एका गावात दोन तट पडले आहेत. कारण निवडणूक नाही, एक पालथी नाव आहे. गावाचं नाव सांगत नाही, भांडण अजून ओलं आहे. जुन्या शाळेमागे बाभळीखाली ही नाव पडून असते. सपाट बुडाची, सागाच्या फळ्यांची, पंधरा-वीस माणसं आणि दोन-तीन शेळ्या मावतील एवढी. पूल झाल्यापासून ती पाण्यात गेलेली नाही. एका निवृत्त गुरुजींनी ग्रामसभेत अर्ज दिला की शाळेची पडीक खोली द्या, नाव आत घेतो, आणखी चार वस्तू जमल्यात, नदीवरच्या प्रवासाचं लहानसं संग्रहालय करू. त्यावर एक तट म्हणाला की फेब्रुवारीपासून टँकरची वाट बघणाऱ्या गावाने बोटीचं म्युझियम काढणं म्हणजे घरात नाही दाणा अन् मला बाजीराव म्हणा. दुसऱ्या तटाला हा टोमणा एवढा झोंबला की त्यांनी रातोरात फ्लेक्स लावला. त्यावर दोन धुराड्यांची, बाजूला भलंमोठं चाक असलेली आगबोट, आणि खाली ‘राजमहेंद्री ते नांदेड, आमचा गौरवशाली वारसा’. चित्र इंटरनेटवरून उचललेलं होतं. बोटीच्या कठड्यावर कुठल्या तरी परक्या कंपनीचं इंग्रजी नाव तसंच राहिलं होतं.

खोली द्यावी, असं माझं मत आहे. फ्लेक्स मात्र आजच्या आज उतरवावा, असंही आहे. ही दोन्ही मतं एकाच माणसाची कशी, हे दोन्ही तटांना कळेना, म्हणून हा लेख. माझ्या मते विरोधकांचे काही मुद्दे खरोखर वजनदार आहेत, आणि समर्थकांचा सगळ्यात मोठा मुद्दा धादांत खोटा आहे. एखादी चांगली गोष्ट खोट्या कारणासाठी केली की कारण उघडं पडतं त्या दिवशी गोष्टही जाते.

आधी आगबोटीचा सोक्षमोक्ष लावू. गोदावरीत आगबोटी होत्या का? होत्या, पण त्या खाली, आंध्रात, राजमहेंद्री-धवळेश्वरमच्या बाजूला. आर्थर कॉटन या इंग्रज इंजिनिअरने १८४७ ला धवळेश्वरमचा बंधारा हाती घेतला, १८५२ पर्यंत पुरा केला, आणि मग त्याच्या डोक्यात नदीतून वर जायचं घोळू लागलं. गोदावरीतून प्राणहितेत, तिथून वर्धेत शिरायचं आणि वऱ्हाड-नागपूरचा कापूस पाण्यावाटे पूर्व किनाऱ्याला न्यायचा, असा तो बेत. १८६१ ला अमेरिकेत यादवी पेटली, मँचेस्टरच्या गिरण्यांना कापूस मिळेना, तेव्हा या बेताला आणखी जोर चढला. पण वाटेत खडकाळ धारांचे तीन मोठे अडथळे होते. त्यांना वळसा घालून कालवे काढायचं काम वर्षानुवर्षं रेंगाळलं, तोवर १८६७ ला रेल्वे नागपूरला पोचली, आणि १८७१ मध्ये सरकारने सगळा खटाटोप गुंडाळला. बरं, बेत तडीस गेला असता तरी ती बोट चांद्याकडे वळली असती. नांदेड त्या वाटेवर नव्हतंच. आपल्याकडे आली ती आगगाडी, १९०० च्या आगेमागे, मनमाडहून औरंगाबाद, जालना, परभणी, नांदेड करत सिकंदराबादला जाणारी मीटरगेज.

ज्याला आगबोटीचं संग्रहालय करायचं त्याने ते कोकणात करावं, आणि भव्य करावं. तो त्यांचा अस्सल वारसा आहे. धक्का नसलेल्या बंदरांत पडावातून बोटीपर्यंत जायचं, डेकवर वळकटी पसरायची, ‘बोट लागली’ की कठड्याला धरून बसायचं, हे तिथल्या घराघरांत सांगितलं जातं. १७ जुलै १९४७ ला मुंबईहून रेवसला निघालेली ‘रामदास’ बुडाली, सहाशेहून जास्त माणसं गेली. कोकणातल्या म्हाताऱ्यांना ती तारीख स्वातंत्र्यदिनाइतकी पाठ असते. अशा माणसांसमोर आपण खोटं धुराडं लावून उभं राहायचं? कोकणचं दुःख उसनं आणून आपला वारसा म्हणून मिरवण्यात मला तरी लाज वाटते. आणि व्यवहार म्हणून बघा, उद्या गावातलाच एखादा इंजिनिअरिंगचा पोरगा मोबाइलवर पाच मिनिटं शोधेल, फ्लेक्सची टिंगल करेल आणि त्या हशात खरी नावही सरपणाला जाईल.

मग आपला वारसा काय? नदी ओलांडणं. तिच्यातून लांबचा प्रवास करणं आपल्याकडे कधी नव्हतं. हा फरक लहान वाटतो, पण सगळं प्रकरण त्यातच आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या एका ग्रीक व्यापाऱ्याच्या टिपणात पैठण आणि तेर ही दोन्ही गावं आहेत. पैठणचे रंगीत दगड आणि तेरचं सुती कापड भडोचच्या बंदराला जायचं, ते कशातून? गाड्यांतून, जिथे धड रस्ते नाहीत अशा मुलुखातून. पैठण गोदावरीच्या काठावर वसलेलं, तरी माल पाण्याकडे पाठ फिरवून बैलगाडीत चढला. खडकाळ तळ, पावसाळ्यात पूर आणि उन्हाळ्यात घोटाभर पाणी, अशी ही नदी. दोन हजार वर्षांपूर्वीच्या व्यापाऱ्यांना जे कळलं होतं ते फ्लेक्सवाल्यांना कळू नये?

पण ओलांडण्याचं ज्ञान किती किमती असतं याचा दाखला आपल्याच मुलुखात आहे. २३ सप्टेंबर १८०३. जालना जिल्ह्यातलं असई. शिंदे-भोसल्यांची फौज केळणा नदीपलीकडे, इंग्रजांचा सेनापती वेलस्ली अलीकडे, आणि त्याचे वाटाडे शपथेवर सांगताहेत की इथे उतार नाही, म्हणजे पायी नदी पार करायची जागा नाही. वेलस्लीने काय केलं? त्याला दिसलं की नदीच्या दोन काठांना दोन गावं समोरासमोर आहेत. इतकी जवळची गावं एकमेकांकडे जाता येत नसताना कशी वसतील? तो त्या जागी गेला, उतार निघाला, फौज पार झाली, आणि पुढचं सगळ्यांना माहीत आहे. आपल्या शाळांत असईची लढाई तोफा आणि पलटणींच्या हिशोबात शिकवतात. मला मात्र नेहमी वाटतं की तो डाव त्या दोन गावांपैकी पिंपळगावच्या बायाबापड्यांनी पिढ्यान्‌पिढ्या पायाखाली घातलेल्या वाटेने फिरवला. ती वाट कोणत्या कागदावर होती? कुठल्याच नाही. आजही आपण रेल्वेच्या प्रवाशाला ‘उतारू’ म्हणतो. मला त्या शब्दात नदीचा उतार ऐकू येतो, आणि रुळावरून धावणाऱ्या गाडीतही आपण मनाने नदीच पार करत असतो की काय असं वाटतं. असो, हे विषयांतर झालं.

आता टँकरचा मुद्दा. तो मांडणाऱ्यांची मी टर उडवणार नाही. गुरुजींना भर सभेत एका बाईने विचारलं, “गुरुजी, प्यायच्या पाण्याला वणवण करायलो आम्ही, अन् तुम्ही नाव कामून जपायलात?” या प्रश्नाला ‘संस्कृती’ असं उत्तर देणारा माणूस त्या बाईच्या डोक्यावरचा हंडा कधी उचलायला गेलेला नसतो. पैशाचा प्रश्न तसा लहान आहे. खोली आहे, नाव आहे, पत्रे बदलायचे आहेत. एका फ्लेक्सबाज वाढदिवसात याहून जास्त जातं. पण तिचा प्रश्न पैशाचा नाहीच. तिला म्हणायचंय की तहान लागलेली असताना पाण्याच्या आठवणी काढणं ही चैन आहे. मला नेमकं इथेच वेगळं म्हणायचंय.

गुरुजींच्या चार वस्तूंत एक वही आहे. लांबट, लाल कापडी पुठ्ठ्याची, कडा वाळवीने खाल्लेल्या. नावाडी लिहायला शिकलेला नव्हता, त्याचा चौथीतला मुलगा लिहायचा. डाव्या बाजूला घरांची नावं, उजवीकडे सुगीला मिळालेली ज्वारी, पायलीच्या मापात. काही नावांपुढे नुसतं शून्य आहे, आणि ती नावं गावातल्या मोठ्या वाड्यांची आहेत, हे जाता जाता सांगतो. पण मी थांबलो ते समासात. दर वर्षी तिथे दोन ओळी आहेत. ‘नाव घातली’ आणि ‘नाव काढली’. घातली ती मृग-आर्द्राच्या सुमाराला. काढली ती सुरुवातीच्या पानांवर संक्रांतीच्या अलीकडे-पलीकडे, आणि शेवटच्या पानांवर दिवाळीजवळ. म्हणजे नदीला उतार मिळायचा दिवस दोन-अडीच महिन्यांनी अलीकडे सरकला. १९६५ ला लालबहादूर शास्त्रींनी जायकवाडीची पायाभरणी केली आणि १९७६ ला इंदिरा गांधींच्या हस्ते धरणाचं लोकार्पण झालं, त्या दरम्यानच्या वर्षांची ही वही. एका वहीवरून सिद्धांत काढायचा नसतो. मधे बहात्तरचा दुष्काळ आहे, आणि चौथीतल्या पोराचा हात कधी कंटाळलाही असेल. पण अशा दहा वह्या दहा गावांतून मिळाल्या तर?

कारण आज या नदीचं कॅलेंडर कोण ठरवतं? न्यायालय आणि प्राधिकरण. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या निकालाप्रमाणे नांदेड जिल्ह्यातल्या बाभळी बंधाऱ्याचे दरवाजे १ जुलै ते २८ ऑक्टोबर उघडे ठेवावे लागतात. वरच्या अंगाला नाशिक-नगरच्या धरणांतून जायकवाडीत किती सोडायचं यावर समन्यायी वाटपाच्या नावाने दरवर्षी रणकंदन होतं. त्या भांडणात सगळे टीएमसीत बोलतात. आपल्या गावाच्या खालून कोणत्या महिन्यापर्यंत नाव चालावी एवढं पाणी वाहत होतं, हे सांगणारा कागद आपल्याकडे किती गावांत आहे? तो त्या लाल वहीत आहे. म्हणून मी टँकरवाल्या बाईला म्हणेन की ताई, ही खोली तुमच्या हंड्याच्या विरोधात नाही, उद्या तुमची नात पाण्याचा वाटा मागायला उभी राहिली तर तिचा पुरावा इथे असेल. ती मान्य करेलच असं नाही. तिला संध्याकाळचं पाणी हवंय, नातीचं नंतर.

दुसरा आक्षेप मला जास्त बोचतो. कुणी तरी म्हणालं की ज्या गोष्टी संपल्या त्यांची संग्रहालयं होतात, आमच्याकडे हे रोज चालू आहे. खरं आहे. गंगापूर तालुक्यातल्या भिव धानोऱ्याची पोरं जायकवाडीच्या पाण्यातून थर्माकोलवर बसून शाळेत जातात, हे बाहेर आल्यावर २०२३ मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. पावसाळ्यात दुधना-सिंदफणेच्या काठांवर गुळाच्या काहिलीत बसून, ट्यूबला धरून माणसं पार होतात. मग आपण लाकडी नाव दिव्याखाली ठेवून ‘पूर्वी लोक असे जायचे’ अशी पाटी लावायची? ती पाटी खोटी असेल, फ्लेक्सइतकीच. माझं म्हणणं असं की नावेशेजारी थर्माकोलचा तो तुकडाही ठेवा. दोन खिळे ठोकलेला, कडा कुरतडलेला, वर पोरांनी बॉलपेनने नावं लिहिलेला. संग्रहालय म्हणजे संपलेल्या गोष्टींची स्मशानभूमी, हा समजच मुळात वाईट संग्रहालयांनी करून दिला आहे.

आणि कागदावरच्या पाण्याबद्दल बोलायचं तर अजून एक वस्तू सुचवतो. २०१६ च्या राष्ट्रीय जलमार्ग कायद्याने देशातल्या १११ जलमार्गांना राष्ट्रीय दर्जा दिला. त्यातल्या चौथ्या जलमार्गात गोदावरीचा भद्राचलम ते नाशिक हा पट्टाही घातला गेला. म्हणजे पैठण, गंगाखेड, नांदेड हे सगळं आज कायद्याने राष्ट्रीय जलमार्गावर आहे. कायदा लागू झाला एप्रिल २०१६ मध्ये. त्याच एप्रिलमध्ये लातूरला काय चाललं होतं? मिरजेहून रेल्वेने पाणी येत होतं. ‘जलदूत’ गाडीच्या टाक्यांतून. एका हाताने मराठवाड्याच्या नदीला जलमार्ग म्हणायचं आणि दुसऱ्या हाताने मराठवाड्याला रुळांवरून पाणी पोचवायचं, यात मला कुणाचा दुष्टपणा दिसत नाही. नकाशावर रेघ ओढणारा आणि पाणी मोजणारा यांची गाठच पडत नाही, एवढंच दिसतं. कॉटनच्या काळीही तेच झालं होतं, आधी रेघ आणि मग खडक. आगबोट दोनदा गोदावरी चढायची राहिली, एकदा १८७१ ला आणि एकदा आत्ता. राजपत्राचं ते पान आणि लातूरच्या रेल्वेगाडीचा फोटो शेजारीशेजारी लावा. फ्लेक्सची जागा भरून निघेल.

सगळ्यात अवघड आक्षेप मात्र सभेत आला नाही. तो मला बसस्टँडवर ऐकायला मिळाला. नावाड्याचा नातू वाळूजला कंपनीत कामाला आहे, सुट्टीवर आला होता. म्हणाला, “काका, माझा आजा पुरात रात्री-अपरात्री नाव घालायचा अन् सुगीला खळ्यावर उपरणं पसरून दाणे मागायचा. तुमच्यासाठी ती आठवण असंल. आमची ती उधारी हाय.” मी गप्प बसलो. आपण लेखक मंडळी नावाडी म्हटला की लगेच संध्याकाळ, वल्ह्याचा आवाज आणि पैलतीर आणतो. नावेत आधी कोण चढायचं? पुढच्या खेपेला थांब असं कुणाला सांगितलं जायचं? बाळंतीण अडली तेव्हा रात्री नाव घातली, तर सकाळी त्या घरून काय मिळालं? यांची उत्तरं गुरुजींकडे नाहीत, माझ्याकडे तर नाहीतच. ती त्या घरात आहेत, आणि ते घर आपल्याला ती का द्यावी, हा प्रश्न रास्त आहे. माझ्यापाशी अर्धंच उत्तर आहे. वहीतली ती शून्यं झाकायची नाहीत. उलट तेच पान उघडं ठेवायचं, वाड्यांच्या नावांसकट. त्याने दोन घरं दुखावतील आणि कदाचित खोलीला कुलूपही लागेल. तरी नाव चकचकीत पॉलिश करून ठेवायची आणि नावाड्याचं येणं बुडीत खात्यात टाकायचं, असं संग्रहालय मला नको. तसं करायचं असेल तर सरपणच बरं.

राहिला शेवटचा आक्षेप, की अशी संग्रहालयं टिकत नाहीत. मान्य. मीच दोन-तीन पाहिलीत. उद्घाटनाची कोनशिला सगळ्यात स्वच्छ, बाकी आत पारवे. काढणारा माणूस गेला की मुलं भंगारवाल्याला बोलावतात. पण तेरला जाऊन बघा. रामलिंगप्पा लामतुरे नावाच्या गृहस्थांनी गावात उघड्यावर पडणाऱ्या मातीच्या मूर्ती, मणी, नाणी गोळा करायला सुरुवात केली तेव्हा लोकांना ते खूळच वाटलं असणार. आज तो हजारो वस्तूंचा संग्रह शासनाचं संग्रहालय आहे, आणि तिथल्या हस्तिदंती बाहुलीची तुलना इटलीतल्या पाँपेईत सापडलेल्या बाहुलीशी होते. पैठणलाही असंच एका माणसाच्या ध्यासातून संग्रहालय उभं राहिलं. दोन्ही ठिकाणी इमारत नंतर आली, वस्तू आधी होत्या. म्हणून गुरुजींनी निधीच्या मागे लागू नये, काचेच्या कपाटांचा प्रस्ताव तर मुळीच देऊ नये. कुलपाच्या दोन किल्ल्या दोन घरी ठेवाव्यात, त्यातलं एक घर नावाड्याचं असावं. एवढं झालं तर खोली दहा वर्षं टिकेल. शंभर वर्षांची हमी तर आपल्या पुलांचीही कुणी देत नाही.

ग्रामसभा कोरमअभावी पुढे गेली, पुढची तारीख पडायची आहे. नाव मात्र थांबायला तयार नाही. लाकडी नाव पाण्याबाहेर राहिली की वाळते, फळ्या आकसतात, सांधे उघडतात. गुरुजींनी मला बाभळीखाली वाकून दाखवलं, तर एका सांध्यातून माझी करंगळी आरपार गेली. फटीत कापूस ठासून वर राळ भरायची असते, आणि हे काम गावात आता फक्त नावाड्याच्या त्या नातवाच्या चुलत्याला येतं. तो पंच्याहत्तरीचा आहे, अजून हो म्हणालेला नाही. तोवर गुरुजींनी नावेवर ओली पोती टाकली आहेत. आंघोळीचं पाणी ते घमेल्यात धरतात आणि सकाळी, टँकरची रांग लागायच्या आधी, जाऊन ओततात.